मागच्या दाराची फळी कुठे उघडणार, हे चौकटीआधी ठरवा

घर बांधायला काढलं की पुढच्या दाराबद्दल सगळ्यांना मत असतं. सागवान घ्यायचं की फ्लश डोअरवर भागवायचं, नक्षी किती, पितळी कड्या कुठून आणायच्या, वास्तूवाले काय म्हणतात. स्वयंपाकघरातून मागीलदारी किंवा बाल्कनीत उघडणाऱ्या दाराबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. नकाशा काढणाऱ्याने जिकडे पाव वर्तुळ ओढलं असेल तिकडे ते उघडतं, आणि मग घरातली बाई पुढची तीस-चाळीस वर्षं त्या पाव वर्तुळाशी जुळवून घेत राहते. पुढचं दार दिवसातून चार-सहा वेळा उघडतं. राबतं ते मागचं दार: कचरा, खरकटी भांडी, धुणं, कढीपत्त्याची दोन पानं, भाजीवाला, मांजर.

माझं म्हणणं सरळ आहे. दारामागे पडवी किंवा पुरेसा छज्जा असेल आणि दाराबाहेर पाऊल टाकायला सपाट जागा असेल, तर स्वयंपाकघराचं बाहेरचं दार बाहेरच उघडावं. ते आतच उघडलं पाहिजे अशीही काही घरं असतात, त्यांचं पुढे सांगतो. पण हे ठरवायचं ते चौकट करायला देण्याआधी. चौकटीला खाच कोणत्या अंगाला पाडली यावरच फळी कुठे फिरणार हे ठरतं. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेलं दार सुतार त्याच्या सवयीने लावतो, आणि सवय आत उघडायची आहे.

ही सवय आली कुठून? जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या मातीच्या घरांत दार आतच उघडायचं आणि त्याला चोख कारण होतं. भिंत दीड-दोन फूट जाड. चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला. दार दोन झडपांचं, एकेक झडप सव्वा फुटाची. दार उघडलं की दोन्ही झडपा भिंतीच्या जाडीतच मावायच्या, खोलीत त्यांचं टोकही यायचं नाही. रात्री मागून लाकडी अडसर सरकवला आणि त्याची टोकं भिंतीतल्या भोकांत गेली की बाहेरून कितीही रेटा, दार ढिम्म. किल्ल्यांच्या दरवाजांमागे अशी खोल भोकं आजही दिसतात. बाहेर रुंद पडवी, त्यामुळे पाऊस दारापर्यंत सहसा पोचायचाच नाही, आणि पावसाळ्यात त्या पडवीलाही झावळ्यांची झापं बांधत.

यातलं आता काय उरलंय? भिंत सहा इंचांची झाली, फ्लॅटमध्ये कुठे कुठे चारचीही. पडवीच्या जागी दीड-दोन फुटांचा छज्जा आला. दोन झडपांऐवजी अडीच फुटांची एकच अखंड फळी आली आणि अडसराच्या जागी बोटाएवढा टॉवर बोल्ट. कारणं एकेक करून निघून गेली, दार मात्र आतच उघडत राहिलं.

आता जागेचा हिशेब करू. अडीच फुटांची फळी काटकोनात उघडताना जमिनीवरचे जवळपास पाच चौरस फूट झाडून जाते. आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात दोन फूट खोल ओटा, फ्रिज आणि भांड्यांची मांडणी वजा केली की उभं राहायला आणि वावरायला चाळीसेक चौरस फूट उरतात. त्यातले पाच दाराला द्यायचे आणि तिथे कधीही काही ठेवायचं नाही, साधी कांद्याची टोपलीसुद्धा नाही. चौरस फुटाच्या भावावरून बिल्डरशी महिनाभर घासाघीस करणारी माणसं हे पाच फूट न बोलता सोडून देतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्यातून हे पाच फूट नेमके कुठे पडतात ते बघा. नळाचा आणि सांडपाण्याचा पाइप बाहेरच्या भिंतीवरून जातो, म्हणून सिंक त्या भिंतीजवळ आणि बहुतेक वेळा मागचं दारही तिथेच. म्हणजे सिंकपाशी उभं असलेलं माणूस बरोबर फळीच्या वाटेत. भाताचं पातेलं दोन फडक्यांत धरलंय, झाकण तिरकं करून पेज निवळणं चाललंय, वाफ तोंडावर येऊ नये म्हणून मान मागे घेतलीय. तेवढ्यात कोणीतरी वाळलेल्या कपड्यांचा ढीग दोन्ही हातांत घेऊन बाहेरून खांद्याने दार ढकलतं. फळीची कड थेट कोपरावर येते आणि पातेलं कलंडतं. दार बाहेर उघडणारं असतं तर कपडे आणणाऱ्याला कपडे काखोटीला मारून ते स्वतःकडे ओढावं लागलं असतं, त्याची कुरकुर झाली असती, पण कोणी भाजलं नसतं. उकळतं पाणी आणि तापलेलं तेल असतं त्या खोलीत दार कोणाच्याही अंगावर येता कामा नये, हा माझ्या लेखी पहिला नियम. बाकीचे मुद्दे त्याच्यानंतर.

म्हणून नकाशा मंजूर करण्याआधी, किंवा भिंती उभ्या असतील तर चौकट बसण्याआधी, एक काम करा. अडीच फूट सुतळी घ्या. एक टोक बिजागरी येणार त्या कोपऱ्यावर धरा, दुसऱ्याला खडू बांधा आणि जमिनीवर कमान काढा. आत एक, बाहेर एक. ओट्याची आणि फ्रिजची जागाही खडूने आखा. फ्रिजचं दार उघडल्यावर कुठवर येतं तेही काढा; ही दोन दारं एकमेकांना अडवतात, हे सहसा फ्रिज घरात आल्यावरच कळतं. मग त्या घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करणार आहे तिला तिथे उभं करा. भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांनाही विचारा. ठेकेदार, सुतार, इंजिनिअर आणि घरमालक असे चौघे पुरुष उभ्या उभ्या हा निर्णय घेतात आणि त्यातल्या एकानेही त्या ओट्यापाशी सलग तासभर काढलेला नसतो. हे चित्र अजूनही सर्रास दिसतं.

पावसाचा मुद्दा कोकणात आणि घाटमाथ्यावर सगळ्यात मोठा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सोलापुरात त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नाही; तेव्हा दोन्हीकडे एकच दार चालेल असं समजू नका. मोसमी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. तुमचं मागचं दार त्या तोंडाला असेल तर झड थेट फळीवर आदळणार.

आत उघडणारी फळी चौकटीच्या आतल्या अंगाला टेकते. वाऱ्याचा प्रत्येक झोत तिला चौकटीपासून सोडवायला बघतो, आणि तिला धरून ठेवायला फक्त कडी आणि बिजागऱ्या. फट जरा रुंदावली की पाणी आत. खाली तर उंबऱ्यावर साचलेलं पाणी फळीखालून सरळ घरात येतं, कारण ते अडवायला फळीच्या मागे काहीच नसतं. शिवाय भिजलेली फळी उघडली की तिच्यावरचं सगळं पाणी आतल्या टाइल्सवर निथळतं. बाहेर उघडणाऱ्या दाराचं उलट आहे. वारा जितका जोरात येईल तितकी फळी चौकटीवर घट्ट दाबली जाते, खाली उंबऱ्याचा कठडा फळीच्या मागे उभा असतो आणि निथळायचं ते पाणी बाहेर निथळतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गेलं. किनाऱ्याजवळ घर बांधणाऱ्याने अशा वाऱ्याचा विचार छपरासाठी करायचा आणि दारासाठी सोडून द्यायचा, यात अर्थ नाही.

पण बाहेर उघडणारं दार फुकटात मिळत नाही. उघडी फळी वाऱ्याच्या तावडीत सापडते. एक झोत आला की ती भिंतीवर आपटते, दोन पावसाळ्यांत वरची बिजागरी ढिली होते, आणि कोणाचं बोट मध्ये आलं तर विचारायलाच नको. तेव्हा भिंतीला हुक किंवा मजबूत स्टॉपर लागतोच. चुंबकाचा लहान स्टॉपर बैठकीच्या खोलीत ठीक, मागीलदारी तो टिकत नाही. फळी पूर्ण उघडून भिंतीला चिकटेल अशी बाजू निवडा, म्हणजे ती वाटेत आडवी उभी राहणार नाही. आणि छज्जा मोजा. नेहमीचा छज्जा दीड-दोन फूट, फळी अडीच फूट. काटकोनात उघडली की तिचं टोक पागोळ्यांखाली येतं. छज्जा निदान तीन फूट काढा, नाहीतर वर पत्र्याची शेड टाका. हे जमत नसेल तर बाहेर उघडण्याचा अर्धा फायदा गेलाच म्हणायचा.

दाराबाहेरची जमीन आतल्यापेक्षा दीड-दोन इंच खाली हवी आणि उतार घरापासून दूर. हे दार कुठेही उघडणारं असलं तरी लागू आहे.

दाराबाहेर लगेच पायऱ्या असतील तर मात्र थांबा. बाहेर उघडणारी फळी ओढताना माणसाला एक पाऊल मागे सरावं लागतं. हातात पाण्याची कळशी आणि मागे पायरीची कड, ही मांडणी पडण्यासाठीच केलेली असते. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) जिन्याकडे उघडणाऱ्या बाहेर पडायच्या दारासमोर निदान दाराच्या रुंदीइतकी सपाट जागा हवी आणि ती आतल्या जमिनीच्याच पातळीवर हवी, असं म्हटलंय. तो नियम इमारतींच्या अधिकृत बाहेर पडण्याच्या वाटांचा आहे, तुमचं मागचं दार तपासायला कोणी येणार नाही. पण त्यामागची अक्कल घरालाही लागू आहे. दाराबाहेर तीन फुटांचा सपाट ओटा घालता येत नसेल तर दार आत उघडा आणि आतला सिंक सरकवा.

दुसरा अपवाद नदीकाठचा. बाहेर उघडणाऱ्या अडीच फुटी दाराला बाहेरून दोन फूट पाणी टेकलं आणि आत अजून शिरलेलं नसलं, तर फळीवर साधारण १४० किलोचा भार येतो. बिजागरी एका कडेला असल्यामुळे कडीपाशी ढकलायला त्याच्या निम्मा जोर लागेल, म्हणजे सत्तर किलो. हे म्हाताऱ्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं; अशा पूररेषेतल्या घरांना निदान एक दार आत उघडणारं हवं. पुढचं आत उघडत असेल तर मागचं बाहेर चालेल. दोन्ही बाहेर नकोत.

तिसरा अपवाद चाळींचा आणि जुन्या इमारतींचा, जिथे स्वयंपाकघराचं दार सामाईक गॅलरीत उघडतं. तिथे दार बाहेर उघडणं म्हणजे शेजाऱ्याच्या वाटेत फळी उभी करणं. भांडण तर होईलच, पण आग लागली तर त्या गॅलरीतूनच सगळ्यांना पळायचं असतं. तिथे दार आतच हवं, आणि गॅलरीत तुमच्या चपलांचं कपाटही नको.

पुण्या-नाशिककडच्या नव्या फ्लॅटमधली ड्राय बाल्कनी हे वेगळंच प्रकरण. बाल्कनी तीन-साडेतीन फूट रुंद. त्यात वॉशिंग मशीन, भांडी घासायची जागा, वाळत घालायच्या दोऱ्या. अडीच फुटांची फळी तिथे उघडली की मशीनला लागते, म्हणून बरेच जण ती आत उघडणारी करून मोकळे होतात आणि ओट्याची वाट लावतात. माझ्या मते इथे दोन झडपांचं दार करावं. एकेक झडप सव्वा फुटाची, दोन्ही बाल्कनीत उघडणाऱ्या. रोज एकच वापरा, मशीन आणायचं असेल तेव्हा दोन्ही. सरकतं दारही चालतं, पण त्याच्या खालच्या खाचेत भाताची शितं आणि साबणाचा फेस साचतो आणि ती घासणारी व्यक्ती पुन्हा तीच. बाल्कनी ग्रिलने बंद केली असेल तर पावसाचा मुद्दा थोडा मागे पडतो, जागेचा मात्र पुढे येतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या भागात पावसापेक्षा धूळ आणि झळा त्रास देतात. तिथे बाहेर उघडणाऱ्या पश्चिमेच्या दाराची फळी एप्रिल-मेच्या उन्हात तापून वाकते. पण उन्हाचा मारा बंद दारावरही होतोच, तेव्हा त्यावर उपाय दिशेचा नाही, सावलीचा आहे.

आता चोरीचं. “बाहेर उघडणारं दार म्हणजे बिजागऱ्या बाहेर, चोर सळई काढून फळीच उचलेल,” ही शंका रास्त आहे. साध्या बिजागरीची सळई खिळ्याने ठोकून निघते. पण सळई न निघणाऱ्या बिजागऱ्या बाजारात मिळतात, आणि साध्याच बसवल्या असतील तर सळईची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद करून घेता येतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे बिजागरीकडच्या कडेला फळीत दोन जाड लोखंडी खुंट्या ठोकून घ्यायच्या आणि समोर चौकटीत त्यांना भोकं पाडायची. दार लागलं की खुंट्या भोकांत जातात. सळई काढली तरी फळी हलत नाही. उलट बाजूही सांगतो. लाथ मारून तोडायला आत उघडणारं दारच सोपं, कारण सगळा जोर एका बोल्टवर येतो. बाहेर उघडणाऱ्याला लाथ मारली तर जोर चौकटीवर जातो. माथेरान-महाबळेश्वराकडची माकडंही आत उघडणारं सैल दार ढकलून स्वयंपाकघरात येतात. ओढायचं दार त्यांना येतच नाही असं नाही, पण वेळ लागतो.

आगीचा आणि गॅसचा विचार वेगळा करायला हवा. घाबरलेला माणूस दार ढकलतो, ओढत नाही. २८ नोव्हेंबर १९४२ ला बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ माणसं गेली. फिरतं दार गर्दीने अडकलं होतं आणि आत उघडणाऱ्या दारांवर लोटलेल्या लोकांना ती ओढून उघडायला जागाच उरली नव्हती. घरच्या स्वयंपाकघरात शेकडो माणसं नसतात, पण पदर पेटलेली एक बाई असू शकते. आणि कोणी चक्कर येऊन आत उघडणाऱ्या फळीला लागूनच पडलं तर बाहेरून दार उघडत नाही. न्हाणीघराच्या दाराबाबत म्हातारी माणसं असलेल्या प्रत्येक घराने हा विचार करावा. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो, म्हणून दाराखालची आणि खालच्या अंगाची हवा खेळती हवी. उंबरा चार-पाच इंचांचा केला तर पावसाबरोबर गॅसही अडतो. दीड-दोन इंच पुरतो. आत उघडणाऱ्या फळीमागचा कोपरा म्हणजे सिलिंडर ठेवायची हक्काची जागा समजली जाते, आणि फळी दिवसभर त्याच्या रेग्युलेटरवर आपटत राहते. असं असेल तर आजच सिलिंडर हलवा. वास आला तर दार-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर बाहेर जाऊन फोन करा.

जाळीचं दार हवंच, डासांनी तो प्रश्न निकालात काढलाय. एका चौकटीला दोन दारं लावायची तर चौकट रुंद आणि दोन्ही अंगांना खाच असलेली लागते. लाकडी फळी बाहेर उघडणार असेल तर जाळी आत उघडते, आणि मग पाच चौरस फुटांचा तोच वाद परत आत येतो. जाळी हलकी असते, ती लागून कोणी भाजत नाही असं म्हणता येईल, पण गैरसोय आहेच. घडीची किंवा सरकती जाळी लावा. फळी आत आणि ग्रिलची जाळी बाहेर, ही आपल्याकडची रूढ जोडी. तिच्यात रोज दोन दारं दोन दिशांना उघडावी लागतात आणि कामाच्या घाईत एक सताड उघडं राहतं.

बिजागरी डावीकडे की उजवीकडे, हे दिशेइतकंच महत्त्वाचं. कडी अशा बाजूला यावी की ओट्याकडून येणाऱ्याला फळी वळसा घालायला लावणार नाही. आणि दिव्याचं बटण कडीच्या बाजूच्या भिंतीवर हवं. आत उघडणाऱ्या दारामागे गेलेलं बटण अंधारात चाचपडणारी कितीतरी घरं आहेत. इलेक्ट्रिशियन आधी येतो, सुतार नंतर, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला कोणी सांगितलेलं नसतं.

सामानाबद्दल थोडंच. बाहेर उघडणारी फळी ऊन-पाऊस जास्त खाते, म्हणून फ्लश डोअर घ्यायचं तर पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाचं घ्या; दारावर आयएस २२०२ चा शिक्का आहे का ते बघा. सात फुटी फळीला तीन बिजागऱ्या, दोन नव्हेत. किनाऱ्याजवळ लोखंडी बिजागरी खाऱ्या हवेत लवकर गंजते, स्टेनलेस स्टीलची किंवा पितळी घ्या. आणि एक गोष्ट न विसरता करा: फळी बसवण्याआधी तिची खालची आणि वरची कड रंगवून घ्या. रंगारी समोरून आणि मागून दोन-दोन हात देतो, कडा दिसत नाहीत म्हणून कोऱ्या राहतात, आणि पाणी नेमकं तिथूनच लाकडात चढतं. बसलेल्या दाराखाली लहान आरसा सरकवून बघा, कोरं लाकूड दिसेल. जुलैत फुगलेली फळी लगेच रंधा मारून बारीक करू नका. उन्हाळ्यात ती सुकेल आणि फटीतून बोट जाईल.

वास्तूचं विचाराल, म्हणून सांगतो. वास्तूवाले ‘दार आत उघडावं’ म्हणतात ते प्रामुख्याने मुख्य दाराबद्दल. ते आत उघडू द्या, त्यात अडचण काहीच नाही. मागच्या दारासाठीही कोणी हट्ट धरला तर त्यांना आधी सिंकपाशी पातेलं घेऊन उभं करा.

घर आधीच बांधलेलं असेल तर? चौकट लाकडी असेल तर तिच्या बाहेरच्या अंगाला नवी खाच पाडता येते किंवा आतून पट्टी ठोकून फळीला नवा टेकू देता येतो, जुनी खाच पट्टीने बुजवता येते. ग्रॅनाइटच्या चौकटीला मुळात खाच नसते, पट्टीच लावलेली असते, ती दुसऱ्या अंगाला नेणं सोपं; फक्त बिजागऱ्यांसाठी दगडात नवी भोकं लागतात आणि ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावं. एवढा खर्च नको असेल तर फळी आतच ठेवा पण बिजागरी दुसऱ्या कडेला न्या, म्हणजे निदान ती ओट्याच्या उलट भिंतीकडे उघडेल. हे एका दिवसाचं काम आहे. तेही नको असेल तर फळीत डोळ्यांच्या उंचीवर वीतभर काच बसवून घ्या, म्हणजे ढकलणाऱ्याला आत कोण उभं आहे ते दिसेल.

सुताराला तोंडी सांगू नका. “डावं दार” म्हणजे कोणाच्या डावीकडचं यावरून दर साइटवर घोळ होतो. कागदावर दाराचं चित्र काढून द्या आणि शेजारी लिहा: ‘स्वयंपाकघरात उभं राहून बाहेर बघताना बिजागरी अमुक हाताला. फळी बाहेर उघडेल आणि भिंतीला टेकेल. उंबरा दोन इंच. बिजागऱ्या तीन, सळई न निघणाऱ्या. खालची-वरची कड रंगवूनच फळी बसवणे.’ खाली तारीख घाला, सुताराची सही घ्या, आणि त्याची एक प्रत इलेक्ट्रिशियनला द्या.